परिमिती दिली आहे, पण आकृती आहे का? : भास्कराचार्यांच्या काड्यांपासून त्रिकोणांच्या मोजदादीपर्यंत

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हे सातवी-आठवीचं गणित आहे, त्यावर तासभर काय बोलणार? बाजू पूर्ण संख्येत आहेत, त्यांची बेरीज म्हणजे परिमिती. बेरीज करता आली की संपलं. पण गणितात जे 'संपलं' वाटतं, तिथेच बहुधा काहीतरी राहून गेलेलं असतं. आज त्या राहून गेलेल्या गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात एका छोट्या अनुभवाने करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणारी एक मुलगी सराव परीक्षेचा पेपर घेऊन आली. प्रश्न असा होता : त्रिकोणाच्या बाजू ५, ७ आणि १२ सेंमी आहेत, तर परिमिती व क्षेत्रफळ काढा. परिमिती २४, अर्धपरिमिती १२. मग १२ मधून बाजू वजा करायच्या : ७, ५ आणि शून्य. गुणाकार शून्य, वर्गमूळ शून्य. तिने हे सगळं बरोबर केलं होतं, आणि नंतर खोडलं होतं. पुन्हा केलं, पुन्हा खोडलं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ शून्य कसं असेल, आपलंच चुकतंय, या समजुतीत तिची वीस मिनिटं गेली आणि पुढचे दोन प्रश्न राहिले. चूक तिची नव्हती, प्रश्नाची होती. ५ आणि ७ मिळून १२ होतात. तो त्रिकोण नाहीच, ती एका रेषेवर आडवी पडलेली तीन माणसं आहेत. (हशा)

मला त्या दिवशी वाईट वाटलं ते याचं, की "प्रश्नच चुकीचा असू शकतो" असं म्हणण्याची मुभा आपण तिला कधी दिली नव्हती. आणि ही मुभा साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका माणसाने लेखी देऊन ठेवली आहे.

धीटाने सांगितलेली आकृती

तो माणूस म्हणजे भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्यातला अंकगणित-भूमितीचा भाग. आपण सह्याद्रीच्या आसऱ्याला असलेल्या विज्जडवीड गावचे, असं ते स्वतः सांगतात. ते गाव नेमकं कुठलं याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, त्यात आज शिरत नाही. पण चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आपल्याला पक्का माहीत आहे. तो इ.स. १२०७ चा, यादव राजा सिंघणाच्या काळातला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी, मठाला कुणी काय द्यायचं त्या, मराठीत आहेत. म्हणजे गणिताच्या शाळेच्या खर्चाची तजवीज मराठीत लिहिलेली आपल्याकडे आहे. हे मला फार आवडतं.

आता 'लीलावती'तल्या क्षेत्रव्यवहाराकडे येऊ. तिथे भास्कराचार्य क्षेत्रफळाची सूत्रं सांगायला लागण्याच्या आधीच एक नियम देतात. त्याचा आशय असा : एखाद्या धीट माणसाने सरळ बाजूंची आकृती सांगितली, आणि तिच्यात उरलेल्या सगळ्या बाजूंची बेरीज एका बाजूहून कमी किंवा तिच्याएवढी निघाली, तर ती आकृती नव्हेच, 'अक्षेत्र' समजावं. मूळ शब्द 'धृष्ट' असा आहे. धृष्ट म्हणजे माहीत नसताना ठामपणे बोलणारा.

लगेच उदाहरणं. एक चौकोन : बाजू ३, ६, २ आणि १२. एक त्रिकोण : ३, ६, ९. पहिल्यात ३, ६ आणि २ मिळून ११ होतात, १२ ला पुरत नाहीत. दुसऱ्यात ३ आणि ६ मिळून बरोबर ९ होतात. हे कसं दाखवायचं, तेही ते सांगतात : त्या त्या लांबीच्या सरळ काड्या घ्या, बाजूंच्या जागी ठेवा आणि जमत नाही हे दाखवा.

बघा, सिद्धता द्या असं न म्हणता ते काड्या ठेवून बघा म्हणतात. आणि पूर्णांक बाजूंच्या बहुभुजाचं कुठलंही गणित सोडवताना जी पहिली पायरी आहे ती हीच. आजच्या भाषेत सांगायचं तर सर्वांत मोठी बाजू परिमितीच्या निम्म्याहून कमी असली पाहिजे. ३, ६, २, १२ ची बेरीज २३, निम्मे साडेअकरा, आणि १२ त्याहून मोठे. झालं. त्रिकोण असो, चौकोन असो, दशकोन असो, ही एकच चाळणी पुरते.

युक्लिडने हेच त्रिकोणापुरतं सिद्ध केलं आहे, पहिल्या पुस्तकाचं विसावं विधान. प्रोक्लस सांगतो की एपिक्युरसचे अनुयायी त्यावर हसायचे : हे तर गाढवालाही कळतं, गवत एका टोकाला ठेवा, ते सरळ जातं, वळसा घालून जात नाही! आता गाढवाला कळतं ते प्रश्न काढणाऱ्याला कळत नाही असं कधी कधी होतं, त्याला इलाज नाही. (हशा) पण दोघांतला फरक लक्षात घ्या. युक्लिड सांगतो की त्रिकोण असेल तर असं असतं. भास्कराचार्य उलट बाजूने येतात : तुम्ही संख्या दिल्यात, पण त्यांची आकृती आहे का? आणि हे ते कितीही बाजूंसाठी विचारतात.

दोरी आणि खुंट्या

पण पूर्ण संख्यांच्याच बाजू का? या आग्रहामागे सोय आहे, आणि ती दोरीतून आली आहे.

शुल्बसूत्रं म्हणजे यज्ञवेदी आखण्याचे नियम. 'शुल्ब' म्हणजेच दोरी. बौधायनाने काटकोन देणाऱ्या जोड्यांची यादीच दिली आहे : ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६. आपस्तंब महावेदी आखायची कृती सांगतो. महावेदी हा समलंब चौकोन : पश्चिमेची बाजू ३०, पूर्वेची २४, आणि मधली पूर्व-पश्चिम रेषा ३६. दोन खुंट्या ३६ अंतरावर ठोका. ३६ मध्ये १८ मिळवून ५४ लांबीची दोरी घ्या, तिची टोकं दोन खुंट्यांना बांधा. पश्चिमेकडून १५ वर खूण करा, आणि खुणेला धरून दोरी बाजूला ताणा. १५ इकडे, उरले ३९ तिकडे, मध्ये ३६. पश्चिमेच्या खुंटीशी काटकोन तयार! आणि १५ हे ३० चं निम्मं, म्हणजे वेदीचा कोपराही त्याच खेपेला मिळाला.

इथे हातात काय आहे? ना कोनमापक, ना गुण्या. हातात आहे ती परिमिती. ३६ अधिक ५४, एकूण ९० चा त्रिकोण. आता त्या दोरीवर खूण भलतीकडे केली तर काटकोन जातो, पण दोरी तेवढीच राहते. एकाच परिमितीत कितीतरी त्रिकोण बसतात, त्यातला हवा तो नेमका पकडायचा हे कसब आहे. ९० परिमितीचे पूर्णांक त्रिकोण किती? याचं उत्तर थोड्या वेळाने देतो, तोवर अंदाज बांधा.

परिमितीवर विश्वास ठेवला की काय होतं

आता ज्यात माणसांचे पैसे आणि जमिनी गेल्या त्या भागाकडे येऊ.

पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार तक्रार करतो की लोक शहराचा मोठेपणा त्याच्या तटाच्या लांबीवरून ठरवतात. मेगालोपोलिसचा घेर ५० स्टेडिया, स्पार्टाचा ४८, तरी स्पार्टा मेगालोपोलिसच्या दुप्पट आहे, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. प्रोक्लसने तर वाटणीतली फसवणूक नोंदवली आहे : काही जण जास्त घेराचा तुकडा उदारपणे दुसऱ्याला देत आणि कमी घेराचा, पण जास्त क्षेत्रफळाचा, स्वतःकडे ठेवत. वर प्रामाणिकपणाची वाहवा मिळवत!

आपल्याकडे बघू. 'लीलावती'त जमिनीचं माप दिलं आहे, निवर्तन. दहा हातांचा एक वंश, आणि चारही बाजू वीस-वीस वंशांच्या असलेलं क्षेत्र म्हणजे एक निवर्तन. हे माप जुनं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णी २०० निवर्तनं जमीन दान देतो. निवर्तनाची परिमिती ८० वंश, क्षेत्रफळ ४०० चौरस वंश. आता बाजू पूर्णांक ठेवून तेवढ्याच कुंपणात दुसरे आयत करू. ३० आणि १० : क्षेत्रफळ ३००. ३५ आणि ५ : १७५. ३९ आणि १ : फक्त ३९. कुंपण तेच, दान दहा टक्क्यांच्याही खाली.

आता कुणी म्हणेल, नुसती परिमिती नको, चारही बाजू वेगवेगळ्या मोजू. मग तर फसवणूक होणार नाही? इथेच भास्कराचार्यांनी कमाल केली आहे. ते २५ बाजूचा समभुज चौकोन घेतात. चारही बाजू २५, परिमिती १००. चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५. कर्ण ३० आणि ४० असतील तर ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. चारही बाजू त्याच, तरी क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर. दाराची चौकट कोपऱ्यांत ढिली झाली की कशी तिरपी होते, तसं.

म्हणून त्यांनी फार कडक शब्द वापरला आहे. कर्ण किंवा लंब यांपैकी एकही न सांगता जो चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा! 'लीलावती'त मुलीशी बोलावं तसं गोड बोलणारा हा माणूस इथे एकदम रागावतो. का? मला वाटतं, कारण हा प्रश्न नुसता पाठशाळेतला नव्हता. चौकोनी जमिनीचं क्षेत्रफळ काढायला समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करण्याची पद्धत जुनी आहे. इजिप्तमध्ये एड्फूच्या देवळाच्या भिंतीवर दान जमिनींचे हिशेब अशाच रीतीने कोरले आहेत. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये या रीतीला 'स्थूल' म्हटलं, आणि तिच्याशेजारी अर्धपरिमितीचं सूक्ष्म सूत्र दिलं. पण २५ बाजूच्या त्या तिरप्या चौकोनाला स्थूल रीत लावा, उत्तर ६२५. ब्रह्मगुप्ताचं सूक्ष्म सूत्र लावा, तरी ६२५. जमीन मात्र ३३६. जो ६२५ वर सारा भरेल तो जवळजवळ दुप्पट भरेल.

ब्रह्मगुप्तावर अन्याय नको. त्याचं सूत्र चुकीचं नाही. चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तर ते तंतोतंत बरोबर आहे, आणि ते जगातल्या सुंदर सूत्रांपैकी एक आहे. फक्त ती अट त्याच्या शब्दांत उघड लिहिलेली नाही. पूर्णांकांचा चौकोन बनवायची त्याची युक्तीच बघा. ३-४-५ आणि ५-१२-१३ हे दोन काटकोन त्रिकोण घ्या. पहिल्याच्या लहान बाजूंना दुसऱ्याच्या कर्णाने गुणा : ३९, ५२. दुसऱ्याच्या लहान बाजूंना पहिल्याच्या कर्णाने गुणा : २५, ६०. क्रमाने २५, ३९, ६०, ५२ असा चौकोन. परिमिती १७६, कर्ण ५६ आणि ६३, क्षेत्रफळ १७६४. सगळं पूर्ण संख्येत! हाच चौकोन भास्कराचार्य 'लीलावती'त घेतात आणि म्हणतात, बाजू याच ठेवून कर्ण वेगळा घेता येतो.

त्रिकोणाचं असं होत नाही. तीन बाजू ठरल्या की आकार ठरला. म्हणून जमीन मोजणारा शेताचे त्रिकोण पाडतो. आपल्याकडे ३३ फुटी साखळीने मोजणी होई तेव्हाही शेतातून एक सरळ रेषा घेऊन तिच्यावर दोन्हीकडून लंब टाकत. त्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, आणि चाळीस गुंठे एकर. नुसत्या बांधाच्या लांब्या लिहून आणल्या असत्या तर भाऊबंदकी आजच्यापेक्षा चौपट झाली असती.

परिमिती आणि क्षेत्रफळ सारखं

एक गमतीचा थांबा घेऊ. प्लुटार्क सांगतो की पायथागोरसच्या पंथाला १७ या संख्येचा तिटकारा होता, कारण ती १६ आणि १८ यांच्या मध्ये घुसून त्यांना वेगळं करते. १६ आणि १८ मध्ये काय खास? ४ बाय ४ चा चौरस : परिमिती १६, क्षेत्रफळ १६. ३ बाय ६ चा आयत : परिमिती १८, क्षेत्रफळ १८. पूर्णांक बाजूंचे असे आयत हे दोनच. कारणही सोपं : दोन्ही बाजूंमधून २-२ वजा केले तर गुणाकार ४ यावा लागतो. मग २ गुणिले २ किंवा १ गुणिले ४, तिसरा मार्ग नाही.

त्रिकोणांत असे किती? पाच. ५-१२-१३, ६-८-१०, ६-२५-२९, ७-१५-२० आणि ९-१०-१७. पाचच आहेत हे १९०४ मध्ये व्हिटवर्थ आणि बिडल यांनी दाखवलं. आता शेवटचा त्रिकोण पुन्हा बघा. 'लीलावती'त भास्कराचार्य विचारतात : भूमी ९, बाजू १० आणि १७, लंब किती? या त्रिकोणात लंब पायाच्या बाहेर पडतो, पायाचा एक तुकडा वजा ६ येतो. ऋण म्हणजे उलट दिशेला, असा अर्थ ते लावतात. लंब ८, क्षेत्रफळ ३६. आणि परिमिती ९, १०, १७ मिळून? तीही ३६! उदाहरण ऋण तुकड्यासाठी निवडलं होतं, हे रत्न त्याच्यात फुकट आलं.

तेलाच्या कुप्या आणि त्रिकोणांची मोजदाद

आता उरलेला प्रश्न : दिलेल्या परिमितीचे पूर्णांक त्रिकोण किती?

हाताने करू. परिमिती १२. मोठी बाजू ६ हून कमी हवी, म्हणजे ५ किंवा ४. मोठी ५ : उरले ७, ते २ आणि ५ किंवा ३ आणि ४. मोठी ४ : मग ४, ४, ४. एकूण तीन. आता परिमिती ११. मोठी ५ : उरले ६, म्हणजे १-५, २-४, ३-३. मोठी ४ : उरले ७, म्हणजे ३-४. एकूण चार! दोरी लहान झाली आणि त्रिकोण वाढले. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मीही खोडून पुन्हा केलं होतं.

कारण असं. परिमिती सम असेल तर कुठलीही बाजू १ असू शकत नाही. बाजू १ असली की उरलेल्या दोन सारख्या याव्या लागतात आणि बेरीज विषम होते. म्हणून प्रत्येक बाजूतून १ काढता येतो. काढल्यावर त्रिकोण मोडत नाही, कारण सम परिमितीत दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा निदान २ ने जास्त असते. म्हणजे १२ परिमितीचे त्रिकोण तितकेच जितके ९ चे. तसेच १४ चे तितके जितके ११ चे.

नियम आता सांगतो. परिमिती सम असेल तर तिचा वर्ग करून ४८ ने भागा, जवळची पूर्ण संख्या घ्या. विषम असेल तर आधी ३ मिळवा, मग तेच. १२ चा वर्ग १४४, भागिले ४८, तीन. आणि आपस्तंबाच्या ९० चं? ८१०० भागिले ४८, म्हणजे १६९. एवढ्या त्रिकोणांतून तो आपला १५-३६-३९ खुणेने उचलून घेतो.

ही मोजदाद कागदावर उतरली ती मात्र वेगळ्याच वाटेने. आठव्या शतकात यॉर्कचा आल्क्विन शार्लमेनच्या दरबारात होता. तरुणांची बुद्धी तल्लख करण्याच्या कोड्यांचा एक संग्रह त्याच्या नावावर आहे. त्यात एक कोडं : मरताना बाप तीन मुलांना ३० काचेच्या कुप्या ठेवून गेला, १० तेलाने भरलेल्या, १० अर्ध्या, १० रिकाम्या. प्रत्येकाला कुप्याही सारख्या आणि तेलही सारखं मिळावं. संग्रहातलं उत्तर एकच आहे : पहिल्याला १० अर्ध्या, बाकी दोघांना ५ भरलेल्या आणि ५ रिकाम्या. पण उत्तरं खरं तर पाच आहेत. भरलेल्या कुप्यांची वाटणी ०-५-५, १-४-५, २-३-५, २-४-४ किंवा ३-३-४. ज्याला जितक्या भरलेल्या, त्याला तितक्याच रिकाम्या, उरलेल्या अर्ध्या. आता प्रत्येक संख्येत १ मिळवा : १-६-६, २-५-६, ३-४-६, ३-५-५, ४-४-५. हे १३ परिमितीचे सगळे त्रिकोण! बाराशे वर्षं कुप्यांत बसलेले होते. म्हणून या संख्यांच्या मालिकेला आज आल्क्विनचं नाव आहे.

१९७९ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांनी एका छोट्याशा टिपणात दाखवलं की ही मोजदाद म्हणजे संख्येच्या विभाजनांचाच एक प्रकार आहे. हे तेच अँड्र्यूज, ज्यांना १९७६ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात रामानुजनची हरवलेली वही सापडली. पुढे २००१ मध्ये पाउले आणि रीझे यांच्याबरोबर त्यांनी तोच विचार कितीही बाजूंच्या बहुभुजांपर्यंत नेला. आणि त्यात चाळणी कुठली वापरली? एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेहून कमी. तीच, पाटणच्या मठात शिकवली जात असणार ती.

शेवटी

म्हणजे पूर्णांक बाजूंचं परिमितीचं कुठलंही गणित समोर आलं की क्रमाने तीन गोष्टी विचारायच्या. एक, अशी आकृती आहे का? मोठी बाजू निम्म्याहून लहान आहे का बघा. दोन, अशा आकृत्या किती? मोठ्या बाजूपासून सुरुवात करून खाली या, एकही निसटत नाही. तीन, जे विचारलंय ते दिलेल्या माहितीवरून ठरतं का? त्रिकोणात ठरतं, चौकोनात कर्णाशिवाय ठरत नाही. हिशेब या तिन्हींच्या नंतर.

त्या मुलीला मी मग वहीची पानं कापून तीन पट्ट्या दिल्या, ५, ७ आणि १२ सेंमीच्या. तिने ठेवून बघितल्या. दोन लहान पट्ट्या मोठीवर बरोबर आडव्या पडल्या, वर काही उभं राहिलंच नाही. ती म्हणाली, "म्हणजे सर, माझं शून्य बरोबर होतं." बरोबर होतं. त्या पेपरात मार्क मिळाले नाहीत ते नाहीतच. पण पुढच्या आठवड्यात वर्गात चौकोनाचं गणित आलं तेव्हा तिने हात वर करून विचारलं, "कर्ण दिलेला नाही, मग क्षेत्रफळ कसं काढायचं?"

भास्कराचार्यांनी तिला पिशाच म्हटलं नसतं.